लग्नाची फुलं शालूचा रंग बघून घ्या, मोबाईलमधला फोटो बघून नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या लग्नसराईच्या पुरवणीत मंडपाच्या सजावटीवर दोन पानं होती. ती वाचली आणि राहवेना म्हणून हे पत्र टाइप करतेय, लांबलं तर खुशाल कापा पण मुद्दा तेवढा ठेवा. दोन्ही पानांवरचे सगळे फोटो पांढऱ्या, ऑफव्हाइट नाहीतर एकदम फिकट गुलाबी फुलांचे होते. दिसायला छानच आहेत, मी नाही म्हणत नाही. पण आपली मुलगी बोहल्यावर उभी राहते ती पिवळ्या अष्टपुत्रीत, मग हिरव्याकंच नाहीतर डाळिंबी शालूत, हातात हिरवा चुडा, कपाळावर मुंडावळ्या, आणि रिसेप्शनला मोरपंखी पैठणी तिला राणी कलरचा काठ. मागे उभ्या असलेल्या मावश्या-आत्या-काकू तर विचारूच नका, गुलबक्षी, चिंतामणी, वांगी, शेंदरी सगळं एकाच फोटोत. एवढ्या रंगांच्या मागे पांढऱ्या फुलांची भिंत उभी केली की ती फुलं फोटोत दिसतच नाहीत, नुसती भिंत दिसते, आणि पैसे मात्र फुलांचेच मोजलेले असतात.

आमचं घर हार-फुलांचं. सासरे दादरला बसायचे, आता मी आणि माझे दीर बघतो, त्यामुळे लग्नाच्या ऑर्डरी रोजच्याच. हल्ली गिऱ्हाईक येतं ते हातात मोबाईल धरून, ताई अगदी असंच करून द्या. फोटो असतो कुठल्यातरी थंड देशातला, मे महिन्यातसुद्धा तिथे स्वेटर घालत असतील असा, आणि यांचं लग्न असतं मुलुंडला नाहीतर गिरगावात, भर एप्रिलमध्ये. मी पहिलं हेच विचारते की साडी कुठली आहे, ब्लाऊजपीस आणलाय का. नसेल आणला तर दुसऱ्या दिवशी घेऊन या म्हणते. खरंच, साडीचा तुकडा हातात असल्याशिवाय फुलं ठरवू नयेत. फोनच्या स्क्रीनवर राणी कलर प्रत्येक फोनमध्ये वेगळा दिसतो, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पाहिलेला डाळिंबी रंग बाहेर उन्हात आणला की वेगळाच निघतो. तुकडा घेऊन सकाळच्या उजेडात मंडईत उभं राहायचं, फुलावर धरायचं, आणि दोन पावलं मागे सरून बघायचं. एवढं केलं तरी निम्मं काम होतं.

लोकांना एकच भीती असते, "भडक दिसेल का हो?" मला विचाराल तर भडक दिसतं ते सगळे रंग सारख्याच मापात घेतले की. केशरी, राणी, जांभळा, पिवळा, लाल सगळं किलो-किलो घेतलं तर डोळ्याला बसायला जागाच राहत नाही, जेवणात प्रत्येक पदार्थ सारखाच तिखट झाल्यासारखं होतं ते. एक रंग मुख्य धरायचा, तो भरपूर घ्यायचा, दुसरा त्याच्या पाव हिश्शाने आणि तिसरा अगदी टिपक्याएवढा, की मग तेच रंग भारदस्त दिसतात. मोरपंखी पैठणी असेल तर मागे केशरी झेंडू भरपूर, त्यात राणी कलरचा कोंबडा, म्हणजे ते मखमली तुऱ्याचं फूल, थोडा, आणि मध्ये मध्ये गुलछडीचा पांढरा. पांढरं फूल मला वर्ज्य नाहीये हे इथेच सांगते, दोन गर्द रंगांच्या मध्ये श्वास घ्यायला ते लागतंच. फक्त सगळी सजावटच त्याची नको.

आणि हे काही माझ्या मनचं नाही. फ्रान्समध्ये शेव्रल नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होऊन गेले, पॅरिसला गोब्लँ म्हणून गालिचे आणि भिंतीवरची विणलेली चित्रं बनवायचा सरकारी कारखाना होता, तिथल्या रंगाई खात्याचे ते प्रमुख होते. त्यांच्याकडे तक्रार आली की काळा रंग बरोबर चढत नाही, फिकट दिसतो. त्यांनी तपासलं तर रंगात काही खोट नव्हती, शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा डोळ्याला फिका वाटत होता. १८३९ साली त्यांनी यावर मोठं पुस्तकच काढलं. रंग कसा दिसतो ते त्याच्या शेजारी काय आहे त्यावर ठरतं, आणि रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग, म्हणजे निळ्याशी केशरी, जांभळ्याशी पिवळा, लालाशी हिरवा, एकमेकांना उठाव देतात. आपल्या येवल्याच्या विणकरांना हे हातानेच कळलेलं आहे. धूपछाव पैठणी बघा, ताणा म्हणजे उभे धागे एका रंगाचे आणि बाणा म्हणजे आडवे दुसऱ्या, कापड हललं की रंग पालटतो. अशी साडी असेल तर मी नेहमी सांगते की जो रंग मोठा दिसतोय त्याची फुलं घेऊ नका, जो मध्येच चमकून जातो त्याची घ्या. नवरी बसता-उठताना तो रंग वर येतो तेव्हा मागची फुलं त्याला साथ देतात, फार सुंदर दिसतं ते.

लाल शालूवर लाल गुलाबाची वरमाला ही सगळ्यात जास्त मागणी असलेली गोष्ट आणि सगळ्यात फुकट जाणारी पण. माळ गळ्यात पडली की शालूत गायब. लालच हवी असा आईचा हट्ट असेल तर मी गुलाबाच्या मागून हिरव्या पानांची नाहीतर पिवळ्या बटण शेवंतीची कड देते, तेवढी एक बोटभर कड मध्ये आली की गुलाब वेगळा उठून दिसतो.

आता फुलांबद्दल. गर्द रंगाला जी फुलं खरंच साथ देतात ती बहुतेक आपल्याच मंडईत, पायाशी पाट्यांमधे भरलेली असतात आणि त्यांच्याकडे देवाची फुलं म्हणून कोणी लग्नासाठी बघत नाही. झेंडू घ्या. त्याचा पिवळा-केशरी रंग ज्या द्रव्यांचा असतो ती कॅरोटीन जातीची, गाजरात असतात तशी, उन्हाने आणि गरमीने पटकन मरत नाहीत. सकाळी बांधलेलं झेंडूचं तोरण संध्याकाळी पण तेवढंच केशरी. कलकत्ता गोंडा घेतला तर फूल घट्ट, गच्च, माळेत एकसारखं बसतं.

कोंबडा तर मला फार आवडतो आणि त्याला लग्नात कोणी विचारत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. हातात घेऊन बघा एकदा, वरचा तुरा मखमलीसारखा, घड्या घड्या पडलेल्या, बोट फिरवलं की मऊ लागतो, आणि खाली काळे चमकदार बारीक बी गळतं म्हणून नवरीच्या ताटाजवळ ठेवण्याआधी उलटा धरून झटकून घ्यायचा. रंग असा गुलबक्षी आणि असा गर्द लाल की कुठलाही परदेशी गुलाब त्याच्यापुढे फिका. बीटामध्ये असतं त्याच जातीचं रंगद्रव्य त्याच्यात असतं आणि फूल वाळलं तरी रंग बराचसा टिकतो. राणी काठाच्या साडीला याच्याएवढं जवळ जाणारं फूल दादरला दुसरं नाही.

अबोलीला वास नाही म्हणून मुली नाक मुरडतात, पण केसात केशरी रंग हवाय आणि मुहूर्त सकाळचा, रिसेप्शन रात्रीचं, तर अबोलीच्या वेणीसारखं काही नाही. हलकी असते, मान दुखत नाही, आणि मोगरा दुपारी तांबूस व्हायला लागतो तेव्हाही अबोली तशीच ताजी. वासासाठी आत मोगऱ्याचा एक पदर द्यायचा किंवा वसईचा सोनचाफा दोन-चार फुलं खोचायची. सोनचाफा मात्र हाताळायचा नाही, पाकळीला नख लागलं की तिथे काळा डाग येतो, आणि फ्रिजमध्ये तर बिलकुल ठेवू नका.

जांभळ्याला अष्टर. थंडीत शेवंती भरपूर, पिवळी, पांढरी, अंजिरी. शेवंतीला दिवस लहान झाले की कळ्या धरतात म्हणून तिचा खरा बहर दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. जरबेरा मावळातल्या पॉलिहाऊसमधून येतो, एवढे स्वच्छ लाल-केशरी-पिवळे रंग एका फुलात क्वचित मिळतात, पण दांडी नाजूक, मान टाकतो, त्यामुळे दांडीला स्ट्रॉ लावलेला घ्या आणि पंख्याच्या थेट झोतात ठेवू नका. लिलियम घेतलंत तर उमलल्याबरोबर आतले परागकोष चिमटीने काढून टाकायला सांगा. त्यांचा तांबडा पराग शालूवर पडला तर पाण्याने पुसू नका, पाण्याने तो पक्का बसतो, चिकटपट्टी हलकेच लावून उचला.

निळ्याचं मात्र सगळ्यांनी लक्ष देऊन वाचा. चिंतामणी किंवा निळी पैठणी असली की लोकांना निळीच फुलं हवी असतात. गुलाबात खरा निळा रंग नसतोच, आणि बाजारात जी गडद निळी ऑर्किड मिळतात ती पांढऱ्या ऑर्किडला रंग पाजून केलेली असतात. खरा निळा म्हणजे आपला गोकर्ण, पण तो इवलासा आणि दिवसभरात मलूल होतो, देवापुढे ठीक. गेल्या सीझनला आमच्या ओळखीतल्या एका लग्नात डेकोरेटरने स्टेजवर नवरीच्या खुर्चीच्या कमानीला रंगवलेली निळी ऑर्किड लावली, वरून ताजी दिसावीत म्हणून पाणी मारलं, आणि ते पाणी थेंब थेंब करत नवरीच्या खांद्यावर, पदरावर. पिवळी पैठणी होती. निळे ठिपके पडले ते शेवटपर्यंत गेले नाहीत, पोरगी फोटोत एका कुशीला वळूनच उभी आहे. नाव घेत नाही कोणाचं, पण हे होतं, आणि कोणी आधी सांगत नाही म्हणून लिहितेय. निळी साडी असेल तर निळं फूल शोधूच नका, केशरी नाहीतर हळदी पिवळं घ्या, तुमचा निळा आपोआप दुप्पट निळा दिसेल. रंगवलेलं फूल ओळखायचं असेल तर देठ कापून बघा, कापलेल्या जागी रंग दिसतो, किंवा ओला पांढरा रुमाल पाकळीला पुसून बघा.

दुसरी गोष्ट लाइटची. एवढी फुलं जीव तोडून निवडायची आणि हॉलवाला संध्याकाळी जांभळ्या-गुलाबी एलईडीचा झोत सोडतो, मग पिवळा झेंडू मळकट, हिरवी पानं काळी, आणि राणी-जांभळा सगळं एकच दिसतं. लाइटवाल्याला आधीच सांगून ठेवा की फुलांवर साधा, किंचित पिवळसर पांढरा लाइट पाहिजे, रंगीत झोत हवा असेल तर तो छताला मारा. आणि लॉनवर गोरज मुहूर्त असेल तर आणखी एक आहे, उजेड कमी झाला की माणसाच्या डोळ्याला लाल रंग आधी काळपट दिसायला लागतो आणि निळा-हिरवा तुलनेने उजळ. पुरकिन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी हे नोंदवून ठेवलंय. म्हणून संध्याकाळच्या लग्नाला गर्द लाल गुलाब आणि लाल कोंबडा याचं प्रमाण कमी करा, त्या जागी पिवळा, केशरी आणि पांढरा वाढवा, नाहीतर लांबून बघणाऱ्याला नुसते काळे गोळे दिसतात.

मुंबईच्या हवेचं तर काय सांगू. हायड्रेंजिया पाण्यातून बाहेर काढून भिंतीला लावला तर एप्रिल-मेमध्ये तासा-दोन तासात मान टाकतो, आणि नेमका तोच सगळ्या फोटोंमध्ये असतो. कार्नेशन टिकतं, पण ते ज्या खोलीत ठेवाल तिथे आंब्याच्या पेट्या आणि ओटीची केळी ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने कार्नेशन उमलायच्या ऐवजी मिटतं आणि ऑर्किड गळतात. आपल्याकडे वधूपक्षाच्या खोलीत हे सगळं एकाच टेबलवर असतं, लग्नघरात कोणाला वेळ असतो हो बघायला, म्हणून एका माणसाला हे कामच नेमून द्या.

सजावटीसाठी जो हिरवा फोम वापरतात, पाणी शोषणारा, तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, कुजत नाही, हातात चुरला की बारीक धूळ होते. आमच्याकडे अजून केळीच्या खांबाचे तुकडे वापरतो, ओलावा असतो, काडी टोचली की फूल बसतं. फुलदाणीतल्या उंच मांडणीला ते नाही चालत हे मान्य, पण टेबलावरच्या बुटक्या मांडणीला आणि चौरंगाच्या कडेला मस्त चालतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं खतात जातं.

प्लास्टिकच्या फुलांवर मात्र मी जरा चिडून लिहिणार आहे. हॉलमध्ये कायमची अडकवलेली, धूळ बसलेली, उडालेल्या रंगाची झेंडूची प्लास्टिक माळ आणि खाली मुलीच्या अंगावर पन्नास हजाराची साडी, हे मला बघवत नाही. तिकडे आपला शेतकरी झेंडूचे क्रेट भरून रात्रीत गाडी काढतो, वसईहून बायका पहिल्या लोकलने सोनचाफा-मोगऱ्याच्या पिशव्या घेऊन दादरला उतरतात, भाव नाही मिळाला तर तोच झेंडू रस्त्याला ओतून जातात. प्लास्टिकच्या फुलांवर बंदी आणा म्हणून शेतकरी ओरडतायत ते उगाच नाही. आणि लोकांना वाटतं तेवढी खरी फुलं महाग पण नसतात, महाग असतात ती चुकीच्या महिन्यात मागितलेली. फेब्रुवारीत लाल गुलाब मागाल तर व्हॅलेंटाइनमुळे भाव चढलेलेच असणार, मावळचा चांगला माल तर बाहेरच्या देशात जातो त्या दिवसात. डिसेंबरात मोगऱ्याचा गजरा मागितलात तर मिळेल, पण मूठभर कळ्यांना किती मोजावे लागतात ते घेणाऱ्यालाच माहीत. तोच झेंडू दसरा-दिवाळीला चढतो आणि दिवाळी सरली की बऱ्याचदा खाली येतो, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर जे मुहूर्त लागतात त्यांना केशरी-पिवळी लग्नं अगदी सोयीची.

म्हणून माझी तुम्हाला एक विनंती आहे. तुम्ही विवाह मुहूर्तांची यादी छापता, ती लोक कापून फ्रिजला लावतात, आमच्याकडे पण लावलीये. त्या यादीत प्रत्येक महिन्यासमोर फक्त एक ओळ टाका, त्या महिन्यात मुंबईत कुठलं फूल भरपूर येतं आणि ते कुठल्या रंगाचं. नोव्हेंबर-डिसेंबरला झेंडू, शेवंती, अष्टर. जानेवारी-फेब्रुवारीला शेवंती, ग्लॅडिओलस, जरबेरा, लाल गुलाब टाळून पिवळा-केशरी गुलाब. मार्चपासून मेपर्यंत मोगरा, अबोली, सोनचाफा, आणि स्टेजला झेंडूच, कारण त्या उकाड्यात बाकीचं काही धड टिकत नाही. जूनच्या मुहूर्तांना पाऊस लागला तर माल भिजून येतो, त्यामुळे माळा आदल्या रात्री बांधून ठेवू नका, पहाटे बांधा. एवढं जरी छापलंत तरी मुलीच्या आईला हॉल बुक करतानाच रंग ठरवता येईल, आणि साडी घ्यायला जाईल तेव्हा फुलं डोक्यात असतील. पुढच्या यादीच्या वेळी महिनावार तपशील लागला तर मी लिहून देईन, दिरांना विचारून भाव साधारण कधी चढतात-उतरतात ते पण देईन, त्याचे पैसे वगैरे काही नको.

आपली,
एक हारवाली वाचक, प्रभादेवी, मुंबई